रोटाव्हेटरच्या क्रॉसमध्ये ग्रीस जात नाही. हाताची ग्रीस गन कोणती घ्यावी, कशी वापरावी?

वावर_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचा. घरी ४५ एचपीचा ट्रॅक्टर, सहा फुटी रोटाव्हेटर आणि सोयाबीन-हरभऱ्याचं थ्रेशर आहे. गावात भाड्यानंही चालवतो, त्यामुळे ऐन हंगामात यंत्र उभं राहिलं की माझ्यासोबत दुसऱ्याचंही काम अडतं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात रोटाव्हेटर मारताना पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा, क्रॉस (चार हातांचा सांधा) गेला. नवा टाकला, आता तोही खडखड करायला लागलाय. मिस्त्री म्हणतो ग्रीस पोचत नाही. ग्रीस तर आम्ही रोज मारतो!

जुनी ढकलायची छोटी गन होती, तिचा जोर पुरत नव्हता म्हणून लिव्हरवाली नवी आणली. भरली की सुरुवातीला बरी चालते, मग मध्येच लिव्हर हलकी पडते. कितीही हलवा, तोंडातून काही येत नाही, आणि उघडून पाहावं तर आत ग्रीस अर्ध्याहून जास्त. दुसरं म्हणजे निप्पलवर (ग्रीस आत जायच्या छोट्या तोंडावर) लावली की निम्मं ग्रीस बाजूनं बाहेर येतं. आणि क्रॉसच्या चार हातांवरच्या बेरिंग-कपांपैकी तिघांतून ग्रीस डोकावतं, चौथा कोरडाच.

गन बदलू का? दुकानदार पिस्तुलवाली दाखवतो, शेजारचे काका बादलीचा पंप घे म्हणतात. ग्रीसचंही तसंच. एक दुकान सुटं एपी-३ पिशवीत देतं, दुसरं डब्यातलं लाल देऊन हेच भारी म्हणतं. रंगावरून काही कळतं का? किती पंप मारायचे, किती तासांनी? ज्यांनी स्वतः हाताळलंय त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती. तूर निघाली की पुन्हा रोटाव्हेटर लागणार आहे.

काळी_कसदार

दादा, गन बदलायची घाई करू नका. लिव्हर हलकी आणि आत ग्रीस शिल्लक, याचा अर्थ हवा अडकली आहे. गनच्या डोक्यात एक बारीक दांडी पुढं-मागं होते. ती मागं गेली की समोरच्या भोकात नळीतलं ग्रीस उतरायला पाहिजे. तिथं हवा उतरली की लिव्हर तीच हवा दाबते आणि सोडते. हवा आकसते, ग्रीस आकसत नाही, म्हणून हवा असेपर्यंत दाब तयारच होत नाही.

हवा काढायला डोकं एक-दीड आटा सैल करा. मागचा दांडा आतल्या दट्ट्याला अडकेल असा वळवा आणि हातानं पुढं दाबा. आट्यांतून आधी फुसफुस हवा येईल, मग ग्रीस. ग्रीस दिसलं की डोकं आवळा आणि दांडा दाबूनच ठेवत लिव्हरचे सावकाश, पूर्ण लांबीचे पंप मारा. घाईघाईचे अर्धे पंप मारले तर भोकात ग्रीस उतरायला वेळच मिळत नाही. काही गनच्या डोक्यावर हवा सोडायची छोटी कळ किंवा स्क्रू असतो. तुमच्या गनला असेल तर डोकं सैल करायची गरज नाही.

पण मुळात हवा शिरते ती भरताना. पिशवीतून काढून बोटानं गोळे कोंबले की प्रत्येक गोळ्यामागं पोकळी राहते. डोकं काढा, नळीचं उघडं तोंड बादलीतल्या ग्रीसमध्ये चांगलं खोल बुडवा आणि दांडा हळूहळू मागं ओढा. ओढता ओढता नळी आणखी खाली सारत राहा, कारण तोंड वर आलं की ग्रीसऐवजी हवाच ओढली जाते. दांडा पूर्ण मागं आला की खाचेत अडकवा, तोंडाशी ग्रीस सपाट करून डोकं बसवा, मग दांडा खाचेतून सोडून आत सारा. पिशवीच्या ग्रीसवर हे जमणार नाही. ५ किलोची झाकणाची बादली घेतलेली बरी. धूळही जात नाही, आणि ग्रीसमधली धूळ म्हणजे बेरिंगला कानशीच.

जुना_फिटर_अचलपूर

भाऊ, निप्पलचं मी सांगतो. ग्रीस बाजूनं येऊन रायलं त पयले निप्पल पुसलं का थे पाहा. पऱ्हाटीचा भुगा न माती त्याच्या डोक्यावर बसते. न पुसता गन लावली का थेच ग्रीससंगं आत जाते. फडकं डिझेलमंदी ओलं करून पुसा, मंगच लावा. मंग गनच्या तोंडातले जबडे पाहा. थे सैल झाले का पकड सोडते. तोंडाची बाहेरची बाही जराशी आवळा, निप्पलवर टक करून बसलं पायजे. तरी गळलं त तोंड तेवढं नवं घ्या, अख्खी गन कायले फेकता? लावताना सरळ लावा, तिरपं लावलं का गळतेच. काढताना मात्र जोरानं सरळ ओढू नका. आत दाब अडकून राह्यते, जरासं बाजूले कलवा, आपोआप सुटते. निप्पलची गोळीच अडकली असन त निप्पल काढून डिझेलमंदी टाका, नाही सुटली त नवं बसवा. मातर जुनं संगं घेऊन दुकानात जा, आटे येगयेगळे असतात. एम-६, एम-८, एम-१०, इंचाचे बी असतात.

आता चौथा कप. क्रॉसच्या पोटातून चारी हातांत भोकं जातात. ग्रीस सोपी वाट धरते. ज्या कपावर भार हाय तिथं सुया (कपातले बारीक रोलर) दाबून बसतात, तिथं जात नाही. शाफ्ट ट्रॅक्टरवरून सोडवा, क्रॉस चारी अंगानं वाकवा, कोरड्या कपावरचा भार काढा न मंग हळू पंप मारा. चारी कपांतून नवं ग्रीस दिसेपर्यंत. तरी नाही आलं त सर्कलिप (कप अडकवणारी कडी) काढून कप उतरवा. सुयांवर लाल भुकटी दिसली का समजा थो क्रॉस गेला, ग्रीस मारून परत येत नाही. किंगपिनचं (पुढचं चाक ज्याच्यावर वळते थ्या खिळ्याचं) बी असंच. पुढचा एक्सल जॅकवर उचलून, खाली ठोकळा लावून ग्रीस मारा, नाही त भाराच्या बाजूले ग्रीस पोचतच नाही.

एक विचारतो. वावराच्या धुऱ्यावर वळताना रोटाव्हेटर उचलता तवा पीटीओ चालूच ठेवता का?

वावर_दारव्हा

हो काका, चालूच असतो. सगळेच तसंच करतात आमच्याकडं. त्याचा क्रॉसशी संबंध आहे?

जुना_फिटर_अचलपूर

हाय न! रोटाव्हेटर वर उचलला का शाफ्टचा कोन लय वाढते. तशा कोनात मिनिटाले ५४० चक्करवर फिरवला का क्रॉस झटके खाते, मंग कितीबी ग्रीस मारा. पीटीओ बंद करून उचलत जा. आनखी एक पाहा. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात, त्यायच्या दोन्ही टोकाचे आतले दुबोळके (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेघेत पायजेत. कोन्या मिस्त्रीनं शाफ्ट काढून उलटासुलटा जोडला असन त थेच तुमच्या खडखडीचं कारण असू शकते. थे सरकते नळकांडे बी ग्रीस मांगतात, लोकं तिथं पाहातच नाही.

यंत्र_आणि_माती

ग्रीसच्या रंगाकडे अजिबात पाहू नका. रंग कंपनी टाकते, लाल-निळ्याचा कोणताही ठरलेला नियम नाही. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या, साबण कोणता आणि एनएलजीआय अंक (घट्टपणाचा अंक) किती. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण. साधं चेसिस ग्रीस बहुधा कॅल्शियमचं असतं. पाण्यात टिकतं, पण शंभरेक अंशाच्या आसपास वितळतं. लिथियमचं १८० अंशांच्या वर जाऊन वितळतं, आणि पाण्यातही बऱ्यापैकी टिकतं. म्हणून ट्रॅक्टर-रोटाव्हेटरच्या सगळ्या कामाला लिथियमचं सर्वसाधारण ग्रीस पुरतं.

अंकाचं असं की ०००पासून ६पर्यंत घट्टपणाच्या नऊ पायऱ्या आहेत. अंक मोठा तसं ग्रीस घट्ट. हाताच्या गनला २ सर्वांत योग्य. आपल्याकडं एपी-३ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ३ घट्टपणाचं असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ते बरं वागतं, पण पौषातल्या सकाळी इतकं कडक होतं की नळीतून भोकाकडं सरकतच नाही, मध्ये पोकळी पडते. लिव्हर हलकी पडायचं तुमचं दुसरं कारण हेच असण्याची शक्यता मला मोठी वाटते. लिथियम, २ नंबर, बंद डब्यातलं, बस्स. आणि एकदा धरलं की तेच वापरा. वेगळ्या साबणाची ग्रीसं एकमेकांत मिसळली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं मारा.

आता गन. पिस्तुलवाली एका हातानं चालते, दुसऱ्या हातानं तोंड निप्पलवर धरता येतं, अडचणीच्या जागी हा मोठा फायदा. पण प्रत्येक दाबात ग्रीस कमी येतं आणि घट्ट निप्पलला मनगट दुखतं. लिव्हरवालीला दोन्ही हात लागतात, मात्र दाब जास्त तयार होतो. चांगल्या लिव्हर गनवर ५,००० ते १०,००० पीएसआय (दाबाचं माप) लिहिलेलं असतं. तुमच्या कामाला लिव्हरच ठेवा, फक्त तिला फूटभर लांबीची लवचीक नळी आणि निप्पलला स्वतः पकडून बसणारं तोंड लावा. म्हणजे तोंड धरायला तिसरा हात लागणार नाही. नळी मात्र गनच्या दाबाला पुरेल अशा क्षमतेचीच घ्या, स्वस्तातली फुटते. नवी घ्यायची झाली तर दुकानातच दट्ट्याचं रबरी वायसर आणि डोक्याचे आटे पाहा, आणि सुटे भाग मिळतात का ते विचारा. ४०० ग्रॅमचं तयार काडतूस आपल्या तालुक्याच्या बाजारात क्वचितच दिसतं, म्हणून ओढून भरता येणारीच गन घ्या. काडतुसावर आणि सुट्यावर अशी दोन्हीवर चालणारी असेल तर सुटं भरताना आतलं वायसर उलटावं लागतं, तिच्या पत्रकात दिलेलं असतं.

धानाचा_पट्टा_साकोली

बादलीच्या पंपाबद्दल थोडं. आमच्याकडं भंडारा-गोंदियात धानाच्या चिखलणीला केजव्हील (चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं) आणि रोटाव्हेटर दिवसदिवस पाण्यात असतात. पाणी बेरिंगच्या सीलमधून आत शिरतं. म्हणून आम्ही सकाळी नाही, संध्याकाळी काम संपल्या-संपल्या ग्रीस मारतो. बेरिंग गरम असतं, आतलं चिखलपाणी ग्रीससोबत बाहेर पडतं आणि रात्रभर गंज धरत नाही. इतकी सगळी निप्पलं रोज करायची म्हटलं तर १० किलोचा बादलीपंप सोयीचा पडतो. एक-दोन यंत्रं असतील तर गरज नाही. वावरात घेऊन फिरायलाही जड.

उन्हाळ्यात गन ट्रॅक्टरच्या पेटीत तापू देऊ नका. स्प्रिंग दाबलेली राहिली की ग्रीसमधून तेल वेगळं होऊन गळतं आणि आत नुसता साबण उरतो. काम झालं की दांडा मागं ओढून खाचेत अडकवा आणि गन सावलीत आडवी ठेवा.

ग्रामीण_परिचारिका

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते. यंत्रातलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. गळणारी नळी किंवा तोंड बोटानं दाबून पाहू नका. हजारो पीएसआयचं ग्रीस कातडीतून आत घुसतं. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र ग्रीस बोटातल्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणातून पसरतं आणि काही तासांत ऊती मरू लागतात. बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर चोळू नका, पिळू नका, शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात लगेच जा आणि डॉक्टरांना सांगा की ग्रीस दाबानं आत गेलंय. नुसतं 'लागलं' म्हणू नका.

आणि इंजिन बंद, किल्ली खिशात, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवलेला. त्याशिवाय शाफ्टजवळ हात नाही. लुगड्याचा पदर, दुपट्टा, सैल बाही पीटीओत गुंतल्यावर काय होतं ते आम्ही पाहतो.

वावर_दारव्हा

सर्वांचे मनापासून आभार. बादली आणली, बुडवून भरली, लिव्हर आता शेवटपर्यंत घट्ट लागते. तोंड बदललं, गळती थांबली. फिटर काकांनी सांगितल्याप्रमाणे चौथा कप उतरवला, आत लाल भुकटी आणि दोन सुया मोडलेल्या. नवा क्रॉस टाकला, निप्पल गनचं तोंड पोचेल अशा बाजूनं ठेवलं. दुबोळकेही पाहिले, ते एका रेघेत नव्हते! ते सुधारलं. शाफ्टच्या पत्रकात क्रॉसला दर ८ तासांनी लिहिलंय, म्हणजे भाड्याच्या दिवसांत रोजच.

एकच शंका उरली. थ्रेशरच्या ड्रमच्या बेरिंगलाही नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं का?

यंत्र_आणि_माती

नाही, तिथं उलट आहे. क्रॉस आणि किंगपिन हळू हलतात, त्यांना भरपूर चालतं. ड्रमचं बेरिंग वेगानं फिरतं. त्यात गच्च भरलं तर ग्रीस घुसळून तापतं आणि सील बाहेर फेकलं जातं. आतली मोकळी जागा तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की पुरे. तुमची गन एका पंपात किती टाकते ते एकदा मोजून ठेवा. कागदावर वीस पंप मारा, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा, वीसनं भागा. बहुतेक लिव्हर गन एका पंपाला ग्रॅमच्या आसपास देतात. मग पट्टा उतरवा, एकजण ड्रम हातानं हळू फिरवेल आणि दुसरा दोन-तीन पंप मारेल, तेवढंच. नंतर थ्रेशर थोडं चालवून, पूर्ण बंद करून बेरिंगच्या घरावर हात ठेवा. हात ठेववत नसेल इतकं तापलं असेल तर ग्रीस जास्त झालंय किंवा बेरिंग गेलंय. दोन्ही बाजूंची दोन बेरिंगं सीलबंद असतील आणि त्यांना निप्पलच नसेल, तर भोक पाडून निप्पल बसवायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका.