इबिझा : पाटीवर ‘लाउंज’ लिहिलं की आवाज कमी होतो का?

दर्यावर्दी
गेल्या जुलैत स्पेनच्या इबिझा बेटावर सहा रात्री काढल्या. काढल्या हाच शब्द बरोबर, झोपलो असं म्हणवत नाही. खोली सान आंतोनिओ गावात, मोठ्या क्लबपासून मुद्दाम लांब घेतली होती. खाली एक लाउंज होतं. मेणबत्त्या, पांढरे सोफे, उशा. म्हटलं, वा, निवांत जागा दिसतेय. साडेअकराला सोफ्यामागचे स्पीकर जागे झाले. बेसच्या प्रत्येक ठोक्याला खोलीतल्या कपाटाचं दार खडखडायचं. दुसऱ्या रात्री फटीत पायमोजा कोंबला. तिसऱ्या रात्री दोन.

माझं म्हणणं सरळ आहे. राहत्या वस्तीत मध्यरात्रीनंतर संगीत बंद. क्लब, लाउंज, बीच क्लब, नाव काही का असेना. बेटावर दीड लाखाहून जास्त माणसं बारा महिने राहतात आणि वर्षाला तीस लाखांवर पाहुणे येतात. त्या दीड लाखांना सकाळी कामावर जायचं असतं.

फुल व्हॉल्यूम
मासळीबाजारात घर भाड्याने घ्यायचं आणि वास येतो म्हणून नाक मुरडायचं! अहो, पाशा क्लब तिथे 1973 पासून आहे, अम्नेशिया 1976 पासून. या बेटाचं नाव जगाला कळलं ते कशामुळे? किनारे भूमध्य समुद्रावर सगळीकडेच आहेत.

आणि ‘मध्यरात्रीनंतर बंद’ म्हणजे काय ते बघा. मोठ्या क्लबांची दारंच मध्यरात्रीच्या आसपास उघडतात, गर्दी दीड-दोनला होते, सहाला संपतं. तुमचा नियम म्हणजे वेळेची मर्यादा नव्हे, सरळ कुलूप आहे. तसं स्पष्ट म्हणा.

दर्यावर्दी
मासळीबाजारात मी सहा दिवस होतो. समोरच्या बेकरीतली बाई त्याच गल्लीत जन्मलेली. बाजार तिच्या दारात नंतर आला.

कानसेन
ध्वनियंत्रणा बसवण्याच्या कामात बरीच वर्षं घातली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

दर्यावर्दींच्या कपाटाची गोष्ट नेमकी आहे. शिट्ट्या, झांजा, गाणाऱ्याचा आवाज भिंत अडवते. बेस नाही अडवत. त्याच्या लांब लाटा भिंतीलाच हलवतात. वर गंमत अशी की आवाज साधारणपणे ज्या ‘डीबी-ए’ मोजपट्टीवर मोजतात, ती खालच्या पट्टीतले आवाज मुळातच कमी धरते. म्हणजे तपासणीवाला येतो, मीटर दाखवतो, आकडा नियमात बसतो, आणि वरच्या मजल्यावर माणूस पायमोजे कोंबत बसलेला असतो. दोघंही खरंच सांगत असतात.

पाण्याकाठी आणखी एक भानगड. थंड पाण्यावरची हवा गार आणि तिच्या वरचा थर उबदार असला की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. खाडीच्या एका टोकाची पार्टी दुसऱ्या टोकाला अंगणात असल्यासारखी वाजते.

हे इबिझाला फार आधी कळलेलं आहे. तिथले मोठे क्लब पूर्वी उघड्या आभाळाखाली होते. तक्रारी वाढल्या तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना छप्पर घालणं भाग पडलं. मग ज्याला आभाळ हवं त्याने काय केलं? दिवसा पार्टी, नाहीतर लाउंज. कायद्याने क्लब झाकला, उरलेला आवाज सोफ्यावर येऊन बसला. म्हणून मी वेळेपेक्षा लिमिटरच्या बाजूने आहे. सीलबंद पेटी, ठरलेल्या पातळीवर गेलं की आवाज दाबते. ती लाउंजलाही सक्तीची करा आणि बेस वेगळा मोजा.

फुल व्हॉल्यूम
लिमिटरला माझी हरकत नाही. ध्वनिरोधक भिंतीही घाला, कोण नको म्हणतंय.

कानसेन
घाला, पण कशाने ते विचारा. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका क्लबमध्ये शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून भिंतींना स्वस्तातला फोम चिकटवला. फेब्रुवारी 2003 मध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने तो पेटला आणि शंभर माणसं गेली. ब्राझीलच्या सांता मारियात जानेवारी 2013 मध्ये 242. तिथेही छताचा फोम, तिथेही स्टेजवरची आतषबाजी, आणि बाहेर पडायला धड एकच वाट. बहुतेक जण जळून नाही, धुराने गेले. ही दोन्ही गावं किनाऱ्यावरची नाहीत, पण फोम सगळीकडे तसाच जळतो. शेजाऱ्यांची झोप वाचवायला निघालेला मालक सगळ्यात आधी तोच विकत आणतो.

जमाखर्च
मी मायोर्काला राहतो, हॉटेलांचे हिशेब बघतो. शेजारचंच बेट, सरकार एकच, बालेआरिक बेटांचं. इथे ही चर्चा दर उन्हाळ्यात नव्याने पेटते.

आमच्या सरकारने जानेवारी 2020 मध्ये वटहुकूम काढला. ‘एकावर एक फुकट’ दारू बंद, हॅपी अवर बंद, बार-बार हिंडत पिण्याच्या सहली बंद, रात्री साडेनऊ ते सकाळी आठ दुकानांत दारूविक्री बंद. पण हे सगळीकडे नाही. मायोर्कातली मागालुफ आणि प्लाया दे पाल्मा, इबिझातलं सान आंतोनिओ, यांचे ठरावीक भाग, एवढंच. 2024 मध्ये त्यात भर पडली. त्या भागांत रस्त्यावर प्यायलात तर 500 ते 1500 युरो दंड.

लक्षात घ्या, या यादीत महागडे क्लब जवळजवळ नाहीतच. साठ-सत्तर युरोचं तिकीट आणि दहा युरोची पाण्याची बाटली घेणाऱ्याला कोणी ‘अतिरेक करणारा पर्यटक’ म्हणत नाही. तो शब्द दुकानातून सहा बियर घेऊन फुटपाथवर बसणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवलाय. दोघं सारखेच टल्ली असतात, फरक खिशाचा. आवाजाबद्दल बोलतो असं म्हणत आपण कधीकधी गरीब गिऱ्हाइकाबद्दल बोलत असतो.

आणि त्या क्लबांत राबणारी मुलं? भाडं परवडत नाही म्हणून बरीच जण गाडीत नाहीतर तंबूत झोपतात. शांत झोपेचा हक्क त्यांनाही आहे असं वाटतं.

कानसेन
कानांचंही घ्या मग. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेची शिफारस अशी की 85 डेसिबलला आठ तास ठीक, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. क्लबात एवढा आवाज सहज असतो आणि बारमागचा पोरगा तिथे सहा तास उभा असतो. कानात बोळे न घालता, कारण ऑर्डर ऐकू यायला हवी.

रानजाई
एक वेगळी बाजू. मी तिथे दोन मैत्रिणींबरोबर होते. रात्री चारला मला कुठे सुरक्षित वाटलं सांगू? क्लबच्या आत. दारात बाउन्सर, उजेड, कॅमेरे, पाण्याला पैसे पडतात पण मिळतं, बाहेर क्लबांवरून धावणारी डिस्कोबस. अवघड वाटलं ते बाहेरच्या अंधाऱ्या वाळूवर, जिथे कोणीच जबाबदार नव्हतं.

तुम्ही क्लब बंद केलात म्हणून माणसं बारा वाजता झोपतील असं नाही. हे करून झालंय. कोविडमुळे 2020 आणि 2021 चे उन्हाळे क्लब बंद होते. पार्ट्या डोंगरातल्या भाड्याच्या बंगल्यांत गेल्या. ना दारावर कोणी, ना आगीची वाट. 2021 मध्ये तर त्या शोधायला पर्यटकांसारखी दिसणारी परदेशी माणसं आत पाठवायची योजना तिथल्या प्रशासनाने मांडली होती! (हा जॉब मला चालला असता.)

दर्यावर्दी
रानजाई, तुमचा मुद्दा पटतोय, थोडा जड जातोय तरी. पण ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलकडे बघा. तेही किनाऱ्यावरचं शहर. 2008 मध्ये तिथे पब लवकर बंद करायला लावले, आणि रात्रीच्या मारामाऱ्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्या. आजूबाजूच्या भागात सरकल्याचंही दिसलं नाही.

फुल व्हॉल्यूम
आणि सिडनीने तसाच नियम 2014 मध्ये आणून 2020-21 मध्ये मागे घेतला, हे सोयीस्कर विसरलात. शिवाय न्यूकॅसलला लोक नाचायला विमानाने येत नाहीत.

लाउंजच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूला येतो. 1980 मध्ये सान आंतोनिओतच काफे देल मार उघडलं. मावळत्या सूर्याबरोबर संथ संगीत, बस्स. त्याची नक्कल करणाऱ्यांनी सोफा उचलला आणि संथपणा विसरले. क्लबचा आवाज हवा तर क्लबचं छप्पर घाला, क्लबचं लायसन्स घ्या. बाहेर उशा मांडून आत नाइटक्लब चालवायचा ही चोरी आहे. वेळेवर मात्र मी हटणार नाही. सहा म्हणजे सहा.

जमाखर्च
दर्यावर्दी, ते खालचं लाउंज बंद किती वाजता व्हायचं, हे सांगितलंच नाहीत.

दर्यावर्दी
संगीत अडीचला. मग पोरं लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढत आत न्यायची. मोजल्या होत्या, अडतीस.