मदत हवी आहे : जोडलेल्या माहितीच्या जाळ्यात वाचकाला वाट कशी दाखवावी?

सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यातील गावे, नद्या, वाडे आणि घाट यांची माहिती आम्ही तिघे जण आरडीएफ पद्धतीने, म्हणजे कर्ता, संबंध आणि कर्म अशा त्रिकुटांत नोंदवत असून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र वेबपत्ता दिला आहे. मेणवलीच्या घाटावरील घंटेचे पान उघडले, की वाचक तेथून वसईच्या १७३९ च्या विजयाकडे, चिमाजी अप्पांकडे किंवा नाना फडणवीसांच्या वाड्याकडे सहज जातो, आणि ते पाहताना केलेल्या कामाचे समाधान वाटते.

अडचण कृष्णेच्या पानावर येते. महाबळेश्वर, वाई, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम असे शेकडो दुवे तेथे एकत्र येतात. आलेख काढला तर मोबाइलच्या पडद्यावर नुसता रेषांचा गुंता दिसतो, आणि सरळ यादी केली तर कोणता दुवा कशासाठी आहे हेच कळत नाही. दुवे संबंधानुसार गटांत मांडून प्रत्येक गटातील पाचच आधी दाखवावेत, असे माझे मत झाले आहे. परंतु ते पाच कोणत्या निकषावर निवडावेत? दुव्यांच्या संख्येवर निवडले, तर वाई आणि कराड कायम वर राहून लहान गावे दिसेनाशी होतात, आणि हे काम तर मुख्यतः त्या गावांसाठीच आहे.

दुसरा प्रश्न उलट संबंधाचा आहे. ‘वाई, काठी वसलेले, कृष्णा’ ही नोंद एकच असली, तरी कृष्णेच्या पानावर तिचे शीर्षक ‘काठावरील गावे’ असेच हवे. अशी उलट नावे संबंधाच्या व्याख्येतच नोंदवावीत, की पान दाखवताना जोडावीत? ज्यांनी अशी रचना प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.