काल कोर्टवर झालेल्या प्रकाराबद्दल

मृणाल, बी-३०४: नमस्कार. काल संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना माझ्या मुलाच्या हातातून फ्रुटी काढून घेतली गेली. कुणी, ते मला कळलंय. त्याला दरदरून घाम सुटला होता, रॅकेट धरवत नव्हती. घरी साखर मोजली तर ५२. त्याला टाइप १ डायबेटिस आहे हे सगळ्यांना माहितीये ना?

कुलकर्णीकाका, ए-१०२: मीच तो. शुगर असलेल्या पोराने गोड प्यायचं? भल्यासाठीच केलं.

मृणाल, बी-३०४: काका, त्याचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, रोज टोचावं लागतं. त्यावर तासभर खेळला की साखर उतरते. तेव्हा गोड हेच औषध.

संगीता सिस्टर, ए-४०१: ७० च्या खाली आणि शुद्धीवर असेल तर ३-४ चमचे साखर पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन.

दिलीप, सी-२०१: कारल्याचा रस सुरू करा, इन्सुलिन सुटेल 🙏

मृणाल, बी-३०४: दिलीपभाऊ, टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद केलं तर जिवावर बेततं. कृपया असलं टाकू नका.

बी-१०१: कोर्टवर परत स्कूटर कुणाची?

कुलकर्णीकाका, ए-१०२: माझी नाही.

बी-१०१: तुम्हाला कुठे विचारलं? 😄

शेखर, सी-५०३: मी टाइप २, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतो. एकादशीला उपास केला आणि गोळीही घेतली. हात थरथरले, जीभ जड झाली. रिक्षावाल्याला वाटलं प्यायलोय.

कुलकर्णीकाका, ए-१०२: मग समोरच्याला टाइप कोणता, साखर चढलीये की उतरलीये, ओळखायचं कसं?

संगीता सिस्टर, ए-४०१: टाइप विचारत बसू नका. चढते ती सहसा हळूहळू: खूप तहान, सारखी लघवी, मग उलट्या. उतरते ती मिनिटांत. मोजायला काही नसेल आणि माणूस नीट गिळत असेल, तर साखरच द्या.

बी-१०१: घरात डाएट कोक आहे, चालेल?

संगीता सिस्टर, ए-४०१: त्यात साखर नसते. आणि परत सांगते, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. दिवाळीत वॉचमनमामांना सरबत पाजायला निघाला होतात.

दिलीप, सी-२०१: तो मी नव्हतो.

कुलकर्णीकाका, ए-१०२: मृणाल, चुकलं माझं. ग्लुकोज पावडरचा डबा आजच वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो.

मृणाल, बी-३०४: थँक्यू काका. तो सहाला खाली येतोय. खिशात लिमलेटच्या गोळ्या आहेत, त्या राहू द्या.