मदत हवी आहे: अम्हारिकनंतर तिग्रिन्या कशी शिकायची?

मंडळी, इथिओपियात, अदिस अबाबाला शिकवायला आल्यापासून बाजारापुरती अम्हारिक येते आणि खरं सांगायचं तर त्याचा जाम माज आहे मला, पण आमच्या ऑफिसातली, उत्तरेकडच्या मेकेले शहरातली मुलगी तिग्रिन्या, अम्हारिक, ओरोमो, इंग्लिश अशा चारही भाषा एका दमात बोलते, मग आपलं मराठी-हिंदी-कोकणी काय घेऊन बसलात! आता तिग्रिन्या शिकायचीच. लिपी तीच गीझ, प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, म्हणजे आपली बाराखडीच, ते जमलंय. अडतंय ते घशातून येणाऱ्या ह आणि अ ला, बोलण्यातल्या अम्हारिकमध्ये ते उरलेलेच नाहीत. इथे कोणी मेकेलेला किंवा एरिट्रियात अस्माराला, म्हणजे जिथे तिग्रिन्या बोलतात तिथे, राहिलंय का? की अरबी येणारं कोणी हे उच्चार शिकवेल? ऑनलाइन क्लास असेल तर प्लीज सांगा, फी देईन.