कवंडळाला फळ धरेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोकणात गणपतीवरच्या माटवीला (फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) कवंडळ या रानवेलाची लालभडक फळं टांगतात, ती बघून हौस म्हणून बिया आणल्या. कोल्हापुरात घरामागच्या परड्यात, कुंपणाला दोन रोपं लावली. आता तिसरा पावसाळा. वेल शेजारच्या शेवग्यावर जाऊन बसलाय (शेजारच्या काकू अजून काही बोललेल्या नाहीत), पण फळ एकही नाही.

फुलं येतात. अंधार पडला की उमलतात, पांढरी, कडेला दोरे सुटल्यासारखी झालर, सकाळी मलूल. सगळी एकाच दांड्यावर, ओळीनं. पाकळ्यांखाली बारीक फळासारखी गाठ कुठंच नाही. कवंडळात नर-मादी वेल वेगळे असतात, म्हणजे माझे दोन्ही नरच निघाले, असा माझा कयास. बरोबर आहे का?

बियांवरून नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून पुन्हा तीन वर्षं वाट बघायची तयारी नाही. मादी वेलाचा कंद लावून कुणी वाढवलाय का? कुठल्या महिन्यात काढावा? राधानगरी-गगनबावड्याकडं कुणाच्या बांधावर फळणारा वेल असेल तर कंदाचा तुकडा द्याल का? आणि रात्री पतंग फिरकले नाहीत तर हातानं परागण किती वाजता करायचं, तेही सांगा.

फळ खायचं नाही, कडू-विषारी असतं, हे ठाऊक आहे. नुसतं बघायला हवंय.