ई-रीडरचा पडदा बाहेरून शाबूत, आतून निकामी : बदलावा की नवे यंत्र घ्यावे?

नमस्कार. ई-रीडर (डिजिटल पुस्तके वाचण्याचे यंत्र) स्वतः उघडून पाहिलेल्या किंवा दुरुस्त करून घेतलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझा पहिला ई-रीडर आठ वर्षे चालला आणि शेवटी बॅटरी दोन दिवसही टिकेना, म्हणून मी तो बाजूला ठेवला. दुसरा मात्र चौदाव्या महिन्यातच, म्हणजे वॉरंटी संपल्यावर लगेच, बिघडला. रत्नागिरीहून पुण्याला एसटीने येताना तो पाठीवरच्या पिशवीत होता. तो पडला नाही की भिजला नाही, पण त्याच्यावर जेवणाच्या डब्याचा भार होता आणि त्याचे आवरण मऊ कापडी होते. घरी येऊन पाहतो तर वरच्या दोन-तृतीयांश भागात पाने व्यवस्थित उलटत होती, खालच्या भागात मात्र यंत्र झोपलेले असताना दिसणारे चित्र अडकून बसले होते आणि त्यावर चार-पाच उभ्या रेघा उमटल्या होत्या. बटण बराच वेळ दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, बॅटरी पूर्ण उतरू देऊन पुन्हा चार्ज केली, तरी ते चित्र हलले नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरमधल्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याला वीज लागते ती पान बदलताना. सूक्ष्म कोशांतले काळे-पांढरे कण एकदा सरकले की विजेशिवाय तिथेच राहतात. त्यामुळे पडद्यामागचा, ट्रान्झिस्टर बसवलेला काचेचा पातळ थर तडकला आणि एखाद्या भागापर्यंत विद्युतसंदेश पोहोचेनासा झाला, तर तिथे शेवटचे चित्र तसेच राहते. वरचे आवरण प्लॅस्टिकचे असल्याने बोट फिरवूनही तडा लागत नाही. (दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकण्याची हमी असलेले यंत्र पोळी-भाजीच्या डब्याने जायबंदी व्हावे, याचे हसू येते.)

एका दुरुस्तीवाल्याने पडदा बदलण्यासाठी नव्या यंत्राच्या जवळजवळ सत्तर टक्के खर्च सांगितला. रक्कम मोठी आहेच, पण माझी खरी शंका वेगळी आहे. पडदा आणि त्यावरचा प्रकाश पसरवणारा थर चिकटवलेले असतात. ते सोडवून पुन्हा बसवल्यावर प्रकाश सर्वत्र सारखा पडतो का, मधे धुळीचे ठिपके राहतात का आणि मूळची जलरोधक सीलबंदी कितपत शिल्लक राहते? ज्यांनी पडदा बदलून घेतला आहे त्यांनी पुढे यंत्र किती काळ चालले तेही सांगावे.

नवेच घ्यायचे ठरले, तर काचेऐवजी लवचीक प्लॅस्टिकचा पाया असलेले पडदे दाबाला खरोखर अधिक तग धरतात का? कोबो कंपनीच्या २०१८ साली आलेल्या ‘फॉर्मा’ या ई-रीडरमध्ये असा पडदा होता. तो वापरलेले कोणी येथे असल्यास त्यांचा अनुभव मोलाचा ठरेल. कोबोने २०२४ साली क्लारा आणि लिब्रा कलर या यंत्रांसाठी आयफिक्सिट या दुरुस्तीचे मार्गदर्शन करणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने सुटे भाग व दुरुस्तीच्या पुस्तिका देण्याचे जाहीर केले होते. ते भाग भारतात कोणी मागवले आहेत का आणि सीमाशुल्कासह ते परवडले का?

कोकणातल्या पावसाळी दमट हवेत चार्जिंगच्या तोंडाला गंज धरल्याचा अनुभव कोणाला असल्यास तोही कळवावा, कारण वर्षातले चार महिने माझा मुक्काम तिकडेच असतो. दुरुस्तीवाल्याला मला या महिनाअखेरपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे.