डिस्कस पाळायचेत, पुढे पिल्लंही काढायचीत: ठाणे-नवी मुंबईकरांनो, सल्ला द्या

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी. घरात सात वर्षं टाकी आहे. आधी गप्पी होते, मग एंजल. एंजलची पिल्लं दोनदा वाढवली. आता डिस्कस माशांचं फार मनात आहे. चार फुटी टाकी (४ × दीड × दीड) त्यासाठी रिकामी केली. एक दुकानदार मोठी जोडी देतोय, म्हणतो 'प्रूव्हन पेअर आहे (म्हणजे आधी पिल्लं काढलेली जोडी), महिन्याभरात अंडी'. जोडी घेऊ की लहान मासे? पाणी मोरबे धरणाचं येतं, पण मे महिन्यात सोसायटी टँकर मागवते.

घोडबंदर_रोड
ताई, जोडी नका घेऊ. दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, कोन (अंडी घालायला ठेवलेला मातीचा सुळका) साफ करतात, अंडी घालतात आणि शेजारी उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. बघणाऱ्याला वाटतं संसार चाललाय. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. खरी जोडी असली तरी जागा बदलली की मोडते, किंवा दुकानातून येते तेव्हा वय उलटून गेलेलं असतं. दुकानात ती जोडी पिल्लांसकट दाखवत असतील तरच विचार करा.

त्यापेक्षा अडीच-तीन इंचाचे सहा घ्या, सगळे एकाच ठिकाणचे, एकाच दिवशी. डिस्कस घोळक्यातले मासे आहेत. दोन-तीनच ठेवले तर एक दादागिरी करतो आणि दुसरा कोपऱ्यात काळा पडून उभा राहतो. तुमच्या टाकीत साधारण २४० लिटर पाणी बसतं, सहांना पुरेल. वर्ष-दीड वर्षात ते आपली जोडी आपणच जमवतात. घेताना दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. धावत येऊन खाल्लं तर घ्या. डोळा शरीराच्या मानाने मोठा दिसत असेल तर तो वाढ खुंटलेला मासा, स्वस्त असला तरी नको. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर त्या टाकीतला एकही घेऊ नका. आणि एंजल सोबत ठेवायचा मोह टाळा, ते खाण्यात पुढे घुसतात आणि डिस्कसला न सोसणारे परजीवी घेऊन येतात.

आता पाणी, कारण डिस्कस म्हणजे निम्मं काम पाण्याचंच. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, तिथलं पाणी अगदी मऊ आणि उबदार. आपलं धरणाचं पाणी पावसाचं, त्यामुळे बऱ्यापैकी मऊ असतं, हे आपलं नशीब. बोअरचं टँकरचं पाणी मात्र जड. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि दोन्ही मोजा. तापमान २८ ते ३०. उन्हाळ्यात हीटर लागतच नाही, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागतो.

एक स्वतःचा अनुभव सांगतो, कुणावर येऊ नये. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग टाकलं होतं, मला पत्ता नव्हता. सकाळी सवयीने नळी लावून थेट अर्धं पाणी बदललं. दहा मिनिटांत पाचही मासे पृष्ठभागावर तोंड उघडून. दोन वाचले. तेव्हापासून बाल्कनीत २०० लिटरचा ड्रम, त्यात एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड), पाणी २४ तास मुरल्याशिवाय टाकीत जात नाही. वर हायपो (क्लोरीन मारणारे खडे) असतंच. पाणी शटडाऊनच्या दिवशीही हाच ड्रम वाचवतो.

नेरूळ_खाडीकाठ
वरच्याशी सहमत. खाली वाळू-खडे काही टाकू नका, उघडी काच ठेवा, घाण लगेच दिसते आणि ओढून काढता येते. लहान मासे वाढवताना मी रोज ३०-४० टक्के पाणी बदलते.

खाण्याबद्दल: परदेशी कृतींत बीफ हार्ट असतं. मी बाजारातून ताजी कोळंबी आणते, सोलून, धागा काढून, थोडा पालक आणि चिमूटभर लसूण घालून मिक्सरला लावते. पिशवीत पापडासारखी पातळ थापून फ्रीजरला. रोज तुकडा मोडायचा. पंधरा मिनिटांत उरलेलं बाहेर काढायचं, यात आळस नको.

कोपरखैरणेकर
दोघांचे मनापासून आभार. जोडीचा विचार सोडला. पुढे जोडी जमलीच, तर एंजलसारखी अंडी वेगळी काढून वाढवता येतील का?

घोडबंदर_रोड
नाही, इथेच डिस्कस वेगळा. पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव खातात. आईबापाशिवाय वाढवणारे आहेत, पण ते नवशिक्याचं काम नाही.

जोडी दीड फुटी चौकोनी टाकीत हलवा, स्पंज फिल्टर आणि भाजक्या मातीची कुंडी उलटी. पाणी आरओ मिसळून आणखी मऊ करा. जड पाण्यात अंड्याचं कवच घट्ट होतं आणि फलन होत नाही. साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात, मग पिल्लं कुंडीला चिकटून शेपट्या वळवळत राहतात. आणखी दोन-तीन दिवसांनी सुटतात आणि सगळी आईच्या कुशीला झोंबतात. आई दमली की अंगाला एक झटका देते, आणि तो अख्खा थवा क्षणात बापाच्या अंगावर जातो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री दोनपर्यंत टाकीसमोरून उठलो नाही. त्या दिवसांत पाण्याची पातळी कमी ठेवा आणि रात्री मंद दिवा, म्हणजे पिल्लं चुकत नाहीत. चार-पाच दिवसांनी अंड्यातून नुकतं फुटलेलं आर्टेमिया (अगदी बारीक कोळंबीसारखा जीव) सुरू करा.

पिजन ब्लड (डिस्कसची एक रंगीत जात) घेतलेत तर पार्श्वभूमी फिकी ठेवा. पिल्लं गडद रंगाकडे जातात, आणि या जातीचे आईबाप गडद होत नाहीत. पहिल्या दोन-तीन वेळची अंडी जोडी खाऊन टाकेल. खाऊ द्या, जोडी तोडू नका.

कोपरखैरणेकर
मीटर आला. नळाचं ७८, टँकरचं ६४०.

घोडबंदर_रोड
७८ उत्तम. टँकरचं पाणी अजिबात नको, मेसाठी दुसरा ड्रम आत्ताच घ्या. आणि टाकी भरण्याआधी स्टँड तुळईच्या भिंतीला लावा, सगळं मिळून तीनशे किलोच्या आसपास जातं.